तीनच्या गाडीची बाटली

"मामा, जरा थांबा. झाकण घट्ट लावते," निकिता म्हणाली. बर्फाच्या खड्यांत बाटली बसवून तिनं थर्मास खिडकीतून आत दिला.

सिद्धाराम कंडक्टरनं तो आपल्या सीटखाली नीट ठेवला आणि घंटी वाजवली. मुरुमहून नळदुर्गला जाणारी तीनची गाडी निघाली. एसटीनं डबा धाडणं काही नवं नव्हतं. शिकायला राहिलेल्या पोरांच्या भाकरी त्यानं तीस वर्षं पोचवल्या होत्या. पण आईचं दूध? पहिल्या दिवशी तर तो थर्मास हातात घ्यायलाही लाजला होता.

निकिता मुरुमला बँकेत कारकून. वडील वारल्यावर त्यांच्या जागेवर लागलेली, माहेरची चूल तिच्यावरच. बाळंतपणाची रजा संपली तशी सासू शिवकांताबाईंनी सहा महिन्यांची शिवानी नळदुर्गला ठेवून घेतली आणि सांगितलं, नोकरी सोड, मगच आमचा उंबरा चढ. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मग निकितानं दूध काढायचं यंत्र आणलं. दुपारी रेकॉर्ड रूमचं दार लावून ती बसायची आणि शिपाई उमाबाई दाराशी स्टूल टाकून राखण करायची. कुणी डोकावलं की म्हणायची, "म्याडम फायली लावत्यात, मागनं या." कधी दूध उतरायला उशीर झाला, तर हीच उमाबाई स्टँडवर पळत यायची. "मामा, दोनच मिनिटं थांबा!" आणि भरलेली गाडी थांबायची.

नळदुर्गला गाडी दहा मिनिटं उभी राहते. सिद्धाराम बाटली घेऊन उतरला आणि स्टँडमागच्या लिंबाखाली गेला. चपला काढल्या. झाकण उघडलं. आणि सगळं दूध लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं.

आईचं दूध, कुणाच्या पायाखाली येऊ नये. आता तेवढंच त्याच्या हातात होतं.

पहिल्या दिवशी तो बाटली घेऊन घरी गेला होता की! शिवकांताबाईंनी उंबऱ्यावरूनच परत केली. "पिळून काढलेलं शिळं दूध लेकराला पाजत्यात व्हय? आमी वरचं सुरू केलंय. तिला म्हणावं, लई माया आली असंल तर नोकरी सोडून ये." आत पाळणा हलत होता. सिद्धारामला एक इवलासा पाय तेवढा दिसला. तो दुसऱ्या दिवशीही गेला, चौथ्या दिवशीही गेला. तेच उत्तर. पाचव्या दिवशी दारच उघडलं नाही.

खरं सांगायचं तर पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. पण गाडी मुरुमला परत आली तेव्हा निकिता स्टँडवर उभीच होती. "पिली का हो मामा?" तिचं तोंड बघून त्याची जीभच उचलली नाही.

"पिली की! घटाघटा पिली."

झालं. मेला बिचारा तिथंच अडकला.

त्यानंतर तिनं 'पिली का' असं कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी धुतलेली बाटली हातात घ्यायची आणि एवढंच विचारायची, "आज काय केलं तिनं?"

आणि सिद्धाराम सांगायचा. त्याच्या घरी शिवानीएवढीच नात होती. घरी गेला की सुनेच्या मागं लागायचा, आज पोरगी बसली का, दात आला का. सून वैतागायची, "मामंजी, ह्या वयात तुमाला काय लागलंय हे!" पण तिकडं नात बसायला लागली की इकडं शिवानी बसायला लागायची. शिवानीला खालचे दोन दात आले. शिवानी हॉर्न ऐकून मान वळवते. शिवानी आजीचा चष्मा ओढते. निकिता ऐकत राहायची, मधेच हसायची, "परत सांगा," म्हणायची.

अलीकडं उमाबाई पळत येत नसे. निकिता पावणेतीनलाच बाटली घेऊन हजर. दूधही चांगलं दाट असायचं. बाटलीच्या गळ्याला साय चिकटायची, ती बोटानं काढावी लागायची. पोरीला डिंकाचे लाडू लागू पडले म्हणायचे, आणि आपण ते दूध मातीत ओततोय!

आज एकतीस जानेवारी. आज तो निवृत्त होत होता. उद्या नवा माणूस बाटली घेऊन त्या घरी जाईल आणि भरलेली बाटली परत आणून तिच्या हातात देईल. त्यापेक्षा आपणच सांगावं. नळदुर्गहून येताना त्यानं वाटभर वाक्यं जुळवली. ड्रायव्हर शिवपुत्रनं विचारलं, "दादा, हार घातलाय आन् तोंड का उतरलंय?"

मुरुमला उतारू उतरले. निकिता बाकड्यावर बसली होती. सिद्धाराम गळ्यातला हार काढायचंही विसरला.

"पोरी, म्या लई पाप केलंय. तुझ्या दुधाचा एक थेंबबी तिच्या तोंडात गेला न्हाय. त्यांनी घेतलंच न्हाय कधी. रोज लिंबाला ओतलं म्या. ते दात, ते बसणं, समदं माझ्या नातीचं सांगितलं." त्याचे डोळे वाहायला लागले.

निकितानं त्याच्या हातातून बाटली घेतली.

"माहितीय मला, मामा. पहिल्याच आठवड्यात नणंदेनं फोन करून सांगितलं होतं."

"पहिल्याच आठवड्यात? आन् मग हे दूध?"

"माझं दिवाळीलाच आटलं. हे चौकातल्या डेअरीचं, म्हशीचं." तिनं बाटली पिशवीत ठेवली आणि त्याला बसायला जागा करून दिली. "बसा मामा. आज काय केलं तिनं?"