आवाज नसलेला फिल्टर

थोरल्या बहिणीचं, सिंधुताईचं, अहमदपूरहून पत्र आलं होतं: 'तुझ्याकडे राहायला येऊ का?' मला नीट उत्तर सुचेपर्यंत ती वारली.

तिची माशांची टाकी नांदेडला माझ्याकडे आली. आतल्या फिल्टरच्या घरघरीने वाचन होईना. दुकानदार म्हणाला, "काका, बाहेरचा घ्या. टाकीखाली कपाटात बसतो. आवाजच न्हाई."

नळ्या पाण्यात सोडून तो चालू केला. घर शांत झालं.

आतल्या खोलीत कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरत होतं, ताईसारखं, थांबत थांबत. पाहिलं तर खोली रिकामी.

घरघरीखाली हा आवाज आधीपासूनच होता का?

आज तिच्या बंद घराच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं, 'ताई, राहा.' टपालपेटीत टाकलं.

पेटीच्या आत अडकित्ता वाजला.