कोरा हात

"माझ्या मुलीच्या अंगात काही घालायचं असेल, तर ते तिला विचारून. आणि ती आत्ता सात वर्षांची आहे," ठमीची आई म्हणाली आणि खाली बसली.

शाळेच्या सभागृहात पालकसभा चालू होती. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, दंडाच्या कातडीखाली. मूल हरवलं तर ते कुणाचं हे कुठल्याही पोलीस ठाण्यात लगेच कळेल. काही प्रसूतिगृहं ती जन्मतःच बसवत आली होती. आता शाळांची पाळी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं नीट समजावलं होतं, निम्म्या पालकांनी सह्याही केल्या होत्या. आता एका बापाने हळूच आपला कागद परत मागून घेतला.

शाळेची नर्स मागे भिंतीला टेकून उभी होती. चिप बसवायचं काम तिच्याच गळ्यात पडणार होतं. तिला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं, पण नोकरीपायी ती गप्प होती. या बाईने ते एका दमात बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी नर्सला ठमीच्या घरी पाठवलं. "तुमचं ऐकेल ती. समजवा."

एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर लोकांचे दुरुस्तीला आलेले कपडे. ठमी मशीनखाली बसून बटणं रंगांप्रमाणे लावत होती.

"समजवायला आलात ना, सिस्टर?"

"आले होते. पण मलाच समजत नाही, तर तुम्हाला काय समजवू?"

बाई पहिल्यांदा हसली.

"ती हरवेल अशी भीती नाही वाटत, ताई?"

"रोज वाटते." तिने दातांनी दोरा तोडला. "शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी फाटकाशी उभी असते. पण भीती माझी आहे ना? मग सुई तिला कशाला?"

"मला सुई नको," खालून आवाज आला.

"नाही गं राणी. कुणी देत नाही."

नर्सच्या डोक्यातून ते बोलणं जाईना. पुढचे दोन आठवडे डबा खाताना ती नियमांचं जाडं पुस्तक चाळत राहिली. शेवटी सापडलं. पालकांची हरकत असेल तर सवलत मिळू शकत होती, फक्त नर्सची सही हवी.

"नियमात बसत असेल तर करा," मुख्याध्यापिकाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या. "पण कागद चोख हवेत."

सोमवारी सकाळी मायलेकी नर्सच्या खोलीत आल्या. अर्ज वाचताना बाईचे डोळे भरून आले.

"कुणासाठी कुणी एवढं करत नाही, सिस्टर."

"बसा. शेवटचा रकाना राहिलाय, हात कोरा असल्याचा, म्हणजे आत आधीची चिप नसल्याचा. हे यंत्र फिरवायचं, त्यातून चिठ्ठी निघते, ती जोडायची."

"कोराच आहे. तुम्ही लिहून टाका ना."

"लिहिलं असतं हो. पण पुढे कुणी बोट दाखवायला नको, तुमच्याच भल्यासाठी म्हणतेय."

बाईने ठमीला जवळ ओढलं. तिचा हात ठमीच्या खांद्यावर होता.

"टोचेल?" ठमीने विचारलं.

"छे! इस्त्रीसारखं वरून फिरवायचं. पण गार असतं."

ठमीने स्वतःच बाह्या वर सारल्या. उजव्या दंडावर यंत्र गप्प राहिलं. नर्सने ते डाव्या दंडावर धरलं आणि ते वाजलं.

बिघडलं असेल, असं वाटून तिने ते पुन्हा फिरवलं. ते पुन्हा वाजलं.

छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. मुलीचं नाव होतं, ते ठमीचं नव्हतं. आईचं नाव होतं, ते या बाईचं नव्हतं. त्याखाली एक तांबडी ओळ होती: अकरा महिन्यांची असताना पाळण्यातून बेपत्ता, शोध चालू.