झारच्या राणीच्या बांगड्या

सांगलीच्या थिएटरात नाटकाची तालीम चालली होती. रशियाचा झार गोळ्या लागून पडला, तसे मास्तर राणी झालेल्या चंद्राबाईवर ओरडले, "कुंकू पूस! बांगड्या फोड! बायका धाय मोकलून रडतील!" चंद्राबाई जागची हलली नाही. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढाईवर होता आणि तीन महिने पत्र नव्हतं. हातातल्या हिरव्या बांगड्या त्यानंच निघताना कराडच्या बाजारात भरवल्या होत्या. "काचेच्याच तर आहेत! दुसऱ्या भरू," मास्तर खेकसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं मास्तर, त्या राणीला नवऱ्यासंगंच गोळी घातली, ह्ये तुमीच वाचून दावलंत न्हवं? मग ती रंडकी कवा झाली?" मास्तर गडबडले. "लोकांना राणीचं दुःख कळायला नको?" चंद्राबाई तरातरा जाऊन पडलेल्या झारशेजारी उभी राहिली. "मग खरं दावा. मला गोळी घाला. बांगडी वाढवणार न्हाई."