आईच्या उशाशी बेल

सकाळचं ऊन आधी खिडकीच्या गजांवर रेंगाळलं, मग भिंतीच्या उडालेल्या रंगावरून सावकाश उतरत आईच्या पांघरुणावर येऊन थांबलं. त्या उजेडात मी वायरमनला माझी योजना समजावली: आईच्या उशाशी बटण, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत बेल, आणि तार भिंतीतल्या टेलिफोनच्या पाइपातून.

"त्यातून नाही जमणार," तो म्हणाला. "सगळ्या बिऱ्हाडांच्या फोनच्या तारा आहेत त्यात. विजेच्या तारेचं आवरण कुठे घासलं, तर फोन उचलणाऱ्याला शॉक बसायचा. तार बिचारी कुठेही जाईल हो, शेजार आपण बघायचा."

"मग वेगळा पाइप टाका."

"भिंत फोडावी लागेल."

"फोडा."

ताई दारात उभी होती. "अरे, राहू दे ना," ती हळूच म्हणाली. "मी झोपते की तिच्याजवळ."

"तिला हाक मारता येत नाही, ताई. मला बोलवायचं झालं, तर तिने काय करायचं?"

ताई आत येऊन आईचं पांघरूण सारखं करू लागली.

संध्याकाळपर्यंत वेगळा पाइप बसला. ज्याच्यासाठी बेल, त्याच्याच हातून ती पहिल्यांदा वाजवून घ्यायची, ही वायरमनची रीत होती. त्याने हात पुसले, बटण अलगद आईच्या बोटांखाली सरकवलं आणि म्हणाला, "दाबा, मावशी."

आम्ही तिघेही वरच्या खोलीकडे कान लावून उभे राहिलो.



दवाखान्यातून घरी आणल्यापासून आईचं एकही बोट हललं नव्हतं.