देणगीचा सर्व्हर

बलभीम कंत्राटदारांनी मुरुम गावच्या शाळेला एक सर्व्हर देणगी द्यायचं ठरवलं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला, दोन प्रोसेसरचा, दोन पॉवर सप्लायचा. नवा घ्यायचा तर लाखांत गेला असता. हा मात्र पडेल भावात मिळाला होता, कारण तो वीज पाण्यासारखी ओढायचा.

मुख्याध्यापिका मिनाज मॅडमनी नको म्हणून पाहिलं. "साहेब, हे मशीन रात्रंदिवस चालणार. त्याला थंड ठेवायला वर एसी लागणार. इथं आम्ही बिलापायी वर्गातले पंखे बंद ठेवतो."

"फुकट मिळतंय तर घ्यावं, मॅडम. बिलाचं तुमी बघा," कंत्राटदार हसून म्हणाले. संस्थेच्या लोकांनीही मॅडमलाच समजावलं, की देणगीदाराला दुखवू नका. मॅडम बरं म्हणाल्या.

कार्यक्रमाला निम्मं गाव लोटलं. झेंडूचा हार घातलेल्या सर्व्हरशेजारी कंत्राटदारांचे लई फोटो निघाले. मग मिनाज मॅडम माईकपुढं आल्या.

"बलभीमरावांचं मन मोठं आहे. एवढं मोठं दान अर्धवट ठेवणं त्यांना शोभणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून या मशीनला आपण वेगळं मीटर घेतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंत्राटदारांनीही वाजवल्या.


"मीटर त्यांच्याच नावानं आहे, सही तेवढी राहिलीय," असं म्हणत मॅडमनी सगळ्यांसमोर कंत्राटदारांपुढं पेन धरलं, आणि त्यांनी ते घेईपर्यंत हात काही खाली आणला नाही.