अवतरणचिन्हातलं नाव

"नाव नीट सांगा. कागदपत्रांवर असतं तसं," ग्रंथपाल म्हणाली आणि तिनं कीबोर्ड जवळ ओढला.

टेबलापलीकडच्या माणसानं एका बाईचं नाव सांगितलं. पन्नाशीचा असावा. दाढी गुळगुळीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. बहीण बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेली, म्हणाला. आता आईनं अंथरूण धरलंय आणि सारखी तिचंच नाव घेते.

"एकदा दोघींची गाठ घालून दिली की मी सुटलो, मॅडम. मी खूप शोधलं. पण दर वेळी ती टीव्हीवरची नटीच पुढे येते."

खरंच होतं. त्याच नावाच्या एका नटीनं अख्खा पडदा व्यापला होता. तिची लग्नं, तिचे दागिने, तिच्या मुलाखती.

ग्रंथपालाला असल्या कामाचा सोस होता. हरवलेलं काहीच नसतं, ते भलत्या कप्प्यात असतं एवढंच, असं ती म्हणायची. तिनं पूर्ण नावाला अवतरणचिन्हं लावली. मग एक आडवी रेघ आणि तिला चिकटून 'अभिनेत्री', म्हणजे तो शब्द असलेली पानं वगळ. नटी दागिन्यांसकट गेली.

"काय करायची ती?"

"गणित शिकवायची."

"मग शाळेच्या यादीत असेल. शाळा असल्या याद्या पीडीएफ करून टाकतात." तिनं फक्त पीडीएफ दाखवायला सांगितलं. काही नाही. "लग्नाआधीचं आडनाव हेच ना?"

"हेच. म्हणजे, हो."

"काही बायका आईचं माहेरचं आडनाव लावतात. ते काय होतं?"

"तिच्या आईचं?" तो थबकला. मग त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि आडनाव वाचून दाखवलं.

तिनं आडनाव बदललं. पडद्यावर एकच ओळ उरली. एका शाळेचा वार्षिक अहवाल. पान नऊ, गणित विभाग, शिक्षिका. खाली शाळेचा पत्ता आणि फोन नंबर.

सापडलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

तिच्या आईचं? भाऊ असता तर 'आमच्या' म्हणाला असता. आणि आजोळचं आडनाव कोण कागदावर बघून वाचतं?

"मिळालं?" त्यानं विचारलं.

"नेट रेंगाळतंय. बसा ना."

तो बसला नाही. आत येताना त्यानं नोंदवहीत सही केली होती. ती वही तिच्या कोपराशीच उघडी होती. मान न हलवता तिनं त्याचं नाव वाचलं, नव्या खिडकीत टाइप केलं, त्यालाही अवतरणचिन्हं लावली आणि शेजारी त्या बाईचं पहिलं नाव लिहिलं.

अकरा वर्षांपूर्वीची बातमी निघाली. चार ओळींची. घराला बाहेरून कडी लावून शिक्षिकेला पेटवण्याचा प्रयत्न. पतीला दहा वर्षांची शिक्षा.

तिनं पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

"मी बघू का?" तो टेबलाला वळसा घालून येऊ लागला. चार पावलं असतील फार तर.

तिनं बातमीची खिडकी मिटवली. खाली अहवाल तसाच होता, पत्त्यासकट. त्याचं दुसरं पाऊल पडलं. तिनं शोधाच्या ओळीच्या शेवटी आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'शिक्षिका'. बोटं घसरली. खोडून पुन्हा लिहिलं. एंटर.

तो तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला तेव्हा पडदा कोरा होता. काहीही आढळलं नाही.

"आत्ता काहीतरी होतं."

"जाहिरात होती."

त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता. त्यानं ती ओळ सावकाश वाचली, ओठ हलवत. मग 'शिक्षिका'च्या आधीच्या रेघेवर बोट टेकवलं.

"ही रेघ कशाला?"

"जोडायला," ती म्हणाली. "ती शिक्षिका आहे ना, म्हणून तो शब्द नावाला जोडलाय."

त्यानं रेघेवरचं बोट उचललं.

"मला हे लिहून द्याल? असंच्या असं."

तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. रेघ जरा ठळक काढली. त्यानं चिठ्ठी त्याच घडीच्या कागदात ठेवली, दोनदा आभार मानले आणि गेला. फाटकाबाहेर पडून तो डावीकडे वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती. मग तिनं आतून कडी लावली, रेघ आणि तो शब्द खोडून अहवाल पुन्हा उघडला आणि नंबर फिरवला.

गणिताच्या बाई वर्गावर होत्या. त्यांना बोलवायला चार मिनिटं लागली.

"तुम्ही मला ओळखत नाही," ग्रंथपाल म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा. पलीकडे कुठल्यातरी वर्गात मुलं एका सुरात पाढे म्हणत होती.

"ओरडला का तो?" बाईंनी विचारलं.

"नाही. फार अदबीनं बोलला."

"हं. मग त्यानं मनात ठरवलंय."

"मी लगेच पोलिसांना कळवते. तुम्ही आजच्या आज तिथून..."

"निघेन. तिसऱ्यांदा निघतेय, सवय आहे." बाईंचा आवाज वर्गात बोलावं तसा स्पष्ट होता. "पण त्याआधी एक करा. तुम्ही मला कसं शोधलंत ते सांगा. एकेक पायरी, काहीही न गाळता."

फोनवर खण उघडल्याचा, कागद फाडल्याचा आवाज आला.

"हं, सांगा. मी लिहून घेतेय."