कुलपातली बाहुली

बतिस्तनं जुन्या बाहुल्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, जांभळा दिवा लावला आणि बाहुलीच्या खोक्याच्या चारही कडांवरून फिरवला. नवा कागद या दिव्याखाली निळा चमकतो. हा चमकला नाही. तरी त्याचं समाधान होईना. साठ वर्षांचं खोकं, आणि एकही कोपरा दबलेला नाही?

"मावशी, खरं सांगा, कुठून आणलंत हे?"

"कपाटातून," रेमेई म्हणाली. "आणि पोलिसासारखा बघू नकोस माझ्याकडे. तुझं नाक पुसलंय मी."

नाक पुसलं होतं, हे खरं. पण गेल्या वर्षी अशाच एका गोड म्हातारीनं बतिस्तच्या गळ्यात बनावट खोकं मारलं होतं, आणि ज्याला त्यानं ते विकलं त्या गिऱ्हाइकानं भर बाजारात त्याची अब्रू काढली होती. आमचं ओनिल हे बाहुल्यांचं गाव. घरटी एक तरी बाई बाहुल्यांच्या कारखान्यात राबलेली. इथला माणूस बाहुलीत फसतो म्हणजे काय! तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता.

रेमेईचं म्हणणं सरळ होतं. ती सात वर्षांची असताना तीन राजांच्या सणाला, पोरांच्या बुटांपाशी रात्रीतून भेटी ठेवतात तेव्हा, सकाळी तिच्या बुटांपाशी ही बाहुली आली. आई कारखान्यात याच बाहुल्यांचे डोळे रंगवायची. दुपारपर्यंत पोरीला ती खोक्यातच बघू दिली. मग आईनं खोकं कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. तेव्हा सगळ्याच घरांत तसं करायचे. महागाची बाहुली बघायची, खेळायला चिंध्यांची. पण बाकीच्या आया दोन-चार वर्षांत विरघळल्या. ही विरघळली नाही. दर सणाला खोकं बाहेर यायचं, झाकण उघडायचं, "हात लावशील तर बघ!" की परत आत. किल्ली कायम आईच्या गळ्यात. या वसंतात म्हातारी गेली, तेव्हा रेमेईनं ती स्वतः काढून घेतली.

"एकदा रडून रडून ताप चढला मला, तरी बोट लावू दिलं नाही तिनं," रेमेई म्हणाली. "मला ती घरात नकोय. विकून टाक. आणि पावतीवर लिही, हात न लागलेली. चार पैसे जास्त आले तर दात बसवून घेते. जन्मभर नुसतं बघत बसले, निदान बदामाची चिक्की तरी चावू दे."

बतिस्तला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. हातमोजे चढवले, झाकण काढलं. बाहुली मनगटांशी आणि कमरेशी दोऱ्यांनी पुठ्ठ्याला बांधलेली होती. तो वाकला आणि तसाच थांबला. कारखान्यात घट्ट गाठ मारून टोकं कापायचे. इथं ओढली की सुटणारी, बुटाच्या नाडीसारखी गाठ होती. त्यानं एक ओढली. हात सुटला. त्या तळहाताचा रंग गेला होता, नखांची लालीही पुसली होती.

"वा, मावशी! हात न लागलेली म्हणे."

आता तो भराभर बघू लागला. केस विंचरून विंचरून विरळ झालेले. एका गालाचा रंग उडालेला, दुसऱ्याचा जशाच्या तसा.

"खोकं खरं, बाहुली भलतीच. धंद्यात याला लग्न लावणं म्हणतात. कुणाची खेळलेली बाहुली आणलीत?"

त्यानं बाहुली उलटी केली, मग खोकंही उलटं केलं. मानेवरचा आकडा आणि खोक्याच्या बुडाचा आकडा एकच होता.

"बरं, बाहुली हीच. म्हणजे तुम्हीच खेळलात चोरून. पोरीच्या जातीनं खेळायचंच की! पण मला कशाला बनवता?"

रेमेई उसळली. "जीभ सांभाळ, बतिस्त! मी खेळले असते तर आईबद्दल मनात एवढी अढी ठेवली असती का? मरताना तिनं हात पुढं केला, तो मी धरला नाही. या बाहुलीपायी. कळलं?"

बतिस्त वरमला. पण संशय काही जाईना.

"मग तुमच्या लेकीनं काढली असेल."

"मला लेक कुठाय?"

"घरात अजून कोण होतं?"

"कोण असणार? आम्ही दोघीच. मी शाळेत जायची, आणि ती कारखान्यातली पाळी संपवून माझ्या आधी घरी..." रेमेई बोलता बोलता थांबली.

बतिस्तनं बाहुलीचा झगा वर केला. आत हातानं शिवलेली चिमुकली बंडी होती. करड्या चौकड्यांची. कारखान्यात बायका कामाला घालायच्या त्या झग्याचं कापड. रेमेईनं ती बोटांत धरली. टाके बारीक होते, जरासे तिरके. तिच्या शाळेच्या फ्रॉकांना असेच टाके असायचे.

"हे काही पोराचं शिवण नाही," बतिस्त म्हणाला. "आईनं शिवलंय. म्हणजे खेळायला दिली होती तुम्हाला. आता तरी कबूल करा, मावशी. मोठी बाई काय एकटी बाहुलीशी खेळत बसते?"

रेमेईनं बाहुली उचलली. त्या पांढऱ्या पडलेल्या गालावरून अंगठा फिरवला.

"नऊ वर्षांची होती रे आई," ती म्हणाली, "कारखान्यात लागली तेव्हा."